आईची सुई आणि शाईवाली

अन्विता कुबलच्या तळहातांवरचा जांभळा रंग गेली दोन वर्षं पुरता उतरला नव्हता, आणि तो उतरावा अशी तिची काडीइतकीही इच्छा नव्हती. शाळेत बाई म्हणाल्या, "अगं, साबण लाव." तिनं इमानेइतबारे लावला. मग पुढच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पुन्हा किनाऱ्याच्या खडपावर गेली आणि पुन्हा हात रंगवून आली.

हा रंग शाईवालीचा.

समुद्र मागं हटला की कातळवाडीच्या खडपातल्या खळग्यांमध्ये पाणी अडकून राहतं. त्या डबक्यांत, शेवाळाच्या झुपक्याखाली, ही बया बसलेली असते. नीट पाहिलं नाही तर शेवाळच वाटावी. बिनशंखाची गोगलगाय, बोटाच्या दोन पेरांएवढी, हिरवट तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके आणि डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं. शंख म्हणून काही उरलाच असेल तर पाठीच्या कातडीखाली नखाएवढा पापुद्रा. चिलखत नाही, नांगी नाही आणि पळायचं म्हटलं तर मिनिटाला जेमतेम वीतभर. डोळे आहेत, पण त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. कुणी फारच छळलं तर जांभळी शाई सोडायची आणि त्या ढगाआडून सटकायचं, एवढीच काय ती तिची शस्त्रविद्या. आयुष्य एका वर्षाचं. प्रत्येक शाईवाली एकाच वेळी आईही असते आणि बाबाही. (हे अन्वितानं वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवर असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.) अंडी घालते ती पिवळ्या शेवयांच्या गुंत्यासारखी, एका गुंत्यात लाखांनी. ती घालून झाली की ती शांतपणे संपते.

"एवढ्याशा जिवाचं तुका इतक्या कौतुक?" वर्गातल्या चिन्मय गिरकरनं विचारलं होतं.

"तुजा करूया म्हटला तर तुज्यात निदान शाई तरी व्हयी," अन्विता म्हणाली.

अशी उत्तरं द्यायला ती नुकतीच शिकली होती. आठवीपर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा पुटपुटायची. मग तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ऐनवेळी बोलणारी मुलगी आजारी पडली आणि बाईंनी हिला पुढं ढकललं. समोर दोनशे डोकी. अन्वितानं घाबरून काचेच्या भांड्यातल्या शाईवालीकडे पाहिलं आणि जे पाहिलं ते सांगत सुटली. पंचवीस मिनिटांनी तिला हाताला धरून खाली उतरवावं लागलं. तेव्हापासून तिला कुणी थांबवू शकलेलं नाही.

तर अशा ह्या अन्विताला, दहावीच्या सुट्टीत, लोबो मॅडमनी बोलावणं धाडलं. लोबो मॅडम म्हणजे गावाबाहेरच्या सागरी केंद्राच्या प्रमुख. काही वर्षांपूर्वी लागोपाठ चार उन्हाळे समुद्र इतका तापला होता की किनाऱ्यावरच्या शाईवाल्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. गेली दोन वर्षं त्या परत यायला लागल्या होत्या, आणि त्या कुठून येतात ते शोधायला मॅडम समोरच्या बगळ्याच्या खडकावर आठवडाभर मुक्काम करणार होत्या. दोन तास होडीनं गेलं की समुद्राच्या मधोमध ते बेट. सोबत एक मदतनीस हवी होती, शेवाळातून शाईवाली ओळखता येणारी.

"कॉलेजची मुलं शेवाळच मोजून आणतात," मॅडम म्हणाल्या. "तू येशील?"

अन्विता घरी पळत नाही, उडत आली.

तिची आई, तृप्ती, मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती. आई घरगुती खानावळ चालवायची. बाबा गोव्यात बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात, महिन्यातून दोनदा घरी. आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला पुण्याहून लोक यायचे आणि म्हणायचे, "काय सुंदर समुद्र आहे हो तुमच्याकडे." आई म्हणायची, "असतलो," आणि आत जायची. स्वयंपाकघराची समुद्राकडची खिडकी तिनं कायमची लावून घेतली होती. बाजारात जाताना ती किनाऱ्याचा सरळ रस्ता सोडून आतल्या पाणंदीनं वळसा घालायची. का, ते अन्विताला तुटक तुटक ठाऊक होतं. आई एकोणीस वर्षांची असताना कालवं, म्हणजे कातळाला चिकटलेले शिंपले, काढायला गेली होती, लाटेनं ओढून नेलं होतं, वाचली होती. एवढंच. ह्याच्या पुढं आई कधी बोललीच नाही.

"जा मा," सगळं ऐकून आई म्हणाली. बांगड्याच्या पोटातली सुरी थांबली नाही. "मी काय तुका अडवणंय नाय."

अन्विता आत बॅग काढायला वळली.

"पण सुई टोचून घेतल्याबगर नाय."

आता ही सुई म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तिचं मूळही शाईवालीतच आहे.

शाईवालीच्या पाठीवर एक मऊ कल्ला असतो. हलकेच कुंचला लावला की ती तो आत ओढून घेते आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडते. शास्त्रज्ञांनी काही गोगलगाईंना शेपटीवर विजेचे बारीक झटके दिले. त्या धडा शिकल्या. नंतर नुसता कुंचला लागला तरी कितीतरी वेळ मिटून बसायच्या. मग कुणीतरी एक विचित्र गोष्ट केली. शिकलेल्या गोगलगाईच्या पेशींतला आरएनए काढला आणि कधीही झटका न बसलेल्या गोगलगाईला टोचला. आरएनए म्हणजे पेशीच्या कचेरीतल्या चिठ्ठ्या. कुठलं काम कधी काढायचं ते त्यांवर लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी ती कोरी गोगलगायसुद्धा कुंचला लागताच मिटून बसली. आयुष्यात तिला कुणी दुखवलं नव्हतं, पण दुखणं ठाऊक झालं होतं.

गोगलगाईपासून माणसापर्यंत यायला बरीच वर्षं गेली. पण आता तालुक्याच्या दवाखान्यात ती सोय होती. अपघातातून वाचलेला माणूस रक्त द्यायचा, त्यातल्या धास्तीच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून वाढवायच्या आणि मुलाला टोचायच्या. त्याला कुणाची गोष्ट आठवायची नाही, चित्रं दिसायची नाहीत. फक्त अंग सावध व्हायचं. सरकारी नाव लांबलचक होतं. लोक म्हणायचे आईची सुई, कारण रक्त द्यायला रांगेत बहुतेक आयाच उभ्या असायच्या.

सुई लागू पडायची, ह्यात वाद नव्हता. रस्त्यावर मुलं दगावायची कमी झाली होती. पण शिकलेली शाईवाली जशी नुसत्या कुंचल्यालाच नव्हे, साध्या लाटेलाही दचकायला लागते, तसंच इथंही व्हायचं. चिन्मयला त्याच्या आजोबांची सापाची धास्ती टोचली होती. आता तो नळीनं झाडांना पाणी घालू शकत नव्हता आणि रस्सीखेच लागली की पोटदुखीची चिठ्ठी आणायचा.

"माका चिन्मय करूचा आसा काय तुका?" अन्वितानं आईला विचारलं.

"चिन्मय जिवंत आसा," आई म्हणाली. ती बोटांवरचे खवले एकेक करून काढत होती. "तू खडपार कशी उड्या मारतंस ता माका लोक येवन सांगतत. दर्याकडे पाठ करून बसतंस म्हणान सांगतत. तुज्या अंगात भीतीच नाय गो. मगे ती खंयसून तरी आणूक व्हयी मा? माज्याकडे मापभर जास्त आसा. थोडी तुका."



केंद्रात लोबो मॅडमच रक्ताचे नमुने तपासायच्या. दवाखान्यात येणारा प्रत्येक नमुना आधी त्यांच्या टाकीतल्या शाईवाल्यांना टोचून बघितला जायचा. त्यांनी आईला समोर बसवून नियम सांगितले. धास्ती जुनी असली की ती पेशींच्या तळाशी जाऊन बसते, रक्तात उतरत नाही. ती ताजी करावी लागते. म्हणून रक्त द्यायच्या आधी तीन संध्याकाळी, ज्याची भीती आहे त्याच्यासमोर अर्धा तास उभं राहायचं. एकटीनं. कुणाशी बोलायचं नाही, देवाचं नावसुद्धा मोठ्यानं घ्यायचं नाही.

"म्हणजे पाण्यात?" आईनं विचारलं.

"शेवटच्या संध्याकाळी कमरेपर्यंत तरी."

आईनं मान हलवली. परीक्षेची तारीख ऐकल्यासारखी.

बाहेर पडताना अन्विता मागं रेंगाळली. "मॅडम, सुई घेतल्यावर मी डबक्यात हात घालू शकेन?"

"घालशील. पण आधी थांबशील."

"किती वेळ?"

मॅडमनी चष्मा पुसला. "खरं सांगू? ते तुझ्या आईवर अवलंबून आहे."

पेच असा होता. सुई घेतली तर बेटावर जायचं, पण जाणारी मुलगी वेगळीच असणार. नाही घेतली तर हीच मुलगी राहणार, पण घरात. अन्वितानं मनात शंभर भाषणं रचली. एकही आईला ऐकवलं नाही, कारण पहिल्याच संध्याकाळी तिनं जे पाहिलं त्यात सगळी भाषणं वाहून गेली.

आई पाणंदीनं नाही, सरळ वाटेनं किनाऱ्यावर गेली. अन्विता सुरूच्या झाडाआड थांबली होती. आईनं चपला काढल्या, त्या अगदी नीट जोडीनं ठेवल्या, आणि कोरड्या वाळूवरून चालत गेली. ओली वाळू सुरू झाली तिथं थांबली. एक पाऊल टाकलं. मागं घेतलं. लाट यायची, फेस तिच्यापासून हातभर अंतरावर विरायचा, आणि तेवढ्यानं आईचे खांदे कानांपर्यंत चढायचे. अर्धा तास ती तशीच उभी होती. मग चपला हातात घेऊन परत आली. मॅक्सीचा घेर वाळूनं भरलेला, चेहरा पिठासारखा.

"जमला नाय," ती म्हणाली. "आजचो दिवस धरूक नको. उद्यापासून तीन."

दुसऱ्या दिवशी तिनं दुपारचं जेवण अर्ध्यावर टाकलं. संध्याकाळी घोट्यापर्यंत पाण्यात गेली. अन्विता झाडाआडून बघत होती. आईचे गुडघे लांबूनही थरथरताना दिसत होते, आणि ही थरथर आपल्यासाठी चालली आहे हे कळून अन्विताला झाडाआड उभं राहवेना. मॅडमनी एकटीनं म्हणून सांगितलं होतं. ते तिला आठवलं नाही असं नाही. पण कातळवाडीत जन्मलेल्या मुलीला दुसरंही काही शिकवलेलं असतं.

इथल्या बायका कालवं काढायला एकट्या कधी जात नाहीत. जोडीनं जातात. एक वाकून कालवं फोडते तेव्हा दुसरी ताठ उभी राहते, तोंड दर्याकडे. तिला राखणीण म्हणतात. मोठी लाट दिसली की राखणीण नुसतं "गे" म्हणते, आणि वाकलेली वर न बघता मागं सरते. थोड्या वेळानं पाळी बदलते. बाईमाणूस पाण्यात आणि राखणीला कुणी नाही, हे दृश्यच इथल्या डोळ्याला खुपतं.

अन्विता वाळूतून पळत गेली आणि आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तू कित्याक इलंस?" आईचे दात वाजत होते. "एकटीक सांगलेला मा."

"मी तुज्याकडे नाय इलंय. मी राखणीक उभी रवलंय. तू तुजा भिवचा काम कर."

"असा चलता?"

"न चलूक काय झाला? मी बोलणंय नाय."

ती बोलली नाही. मोजून तीन लाटा. मग म्हणाली, "आये, त्या डबक्यात कालपासून शाईवाली शेवयो घालता हा."

"गप रव."

"पिवळ्यो. तू आयतवारी करतंस तशो. फक्त हिच्यात गूळ नाय."

आईनं ओठ घट्ट मिटले. अन्वितानं पुढं सांगितलं की चिन्मयच्या घरी नळीऐवजी तांब्यानं झाडांना पाणी घालतात, आणि परवा त्याच्या बहिणीनं वेणी पुढं घेतली तर तो टेबलावर चढला. आईच्या नाकातून एक आवाज आला. हसू होतं की हुंदका ते तिचं तिलाच कळलं नसावं.

"गे," अन्विता म्हणाली.

दोघी एकदम दोन पावलं मागं सरल्या. लाट आली, पिंढऱ्यांना लागली, परत गेली. आईनं खाली पाहिलं. पाय जागेवर होते.

परत येताना अंधारायच्या आत घर गाठायचं म्हणून दोघी भरभर चालत होत्या. अन्विता म्हणाली, "मी घेतंय सुई."

"घेवक व्हयीच."

"तसा नाय. आधी मी जावक मिळूचा म्हणान घेतलंय असती. आता तू देतंस म्हणान घेतंय."

 आईनं अन्विताचा ओला हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी पाणी गुडघ्यावर चढलं, आणि आई आपण होऊन बोलायला लागली. लाटेनं ओढून नेलं त्या दिवशी तिच्या जोडीदारणीला ताप आला होता. सुकती मात्र अशी छान की वर्षातून एकदा मिळावी. खडपाचं टोक उघडं पडलं होतं, तिथं तळहाताएवढी कालवं. एकटी गेली. वाकली. लाट आली ती तिला दिसलीच नाही, नुसती कानात शिरली. दोन कातळांमधल्या कपारीत तिचा हात अडकला, आणि तो अडकला म्हणून ती वाचली. अख्खी भरती ती तिथं लोंबकळत होती.

"आणि काय आठवता माका म्हायत आसा? भूक," आई म्हणाली. "मरूची भीती होतीच. पण भूक अशी लागलेली की समोरचा कच्चा कालव दातान फोडून खाल्लंय."

"खाल्लंस?"

"चार."

अन्विता इतकी हसली की राखणीवरचं तिचं लक्ष उडालं, आणि ह्या खेपेला "गे" आई म्हणाली.

तिसऱ्या संध्याकाळी आई कमरेपर्यंत गेली. थरथर होती, पण वाऱ्यावर दोरीवरचं लुगडं हलावं तेवढीच. शेवटी तिनं ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं. "पूर्वी थंड असायचा," ती म्हणाली, थोड्या तक्रारीनं, सासरच्या बदललेल्या घराबद्दल बोलावं तशी. दुसऱ्या सकाळी तिनं रक्त दिलं.

निकालाच्या दिवशी दोघी केंद्रात गेल्या. आईनं ठेवणीतला पंजाबी ड्रेस घातला होता. लोबो मॅडमनी दोन उथळ काचेची तबकं मांडली होती. एकात साध्या शाईवाल्या, दुसऱ्यात आदल्या दिवशी आईचा नमुना टोचलेल्या.

"आधी साधी बघा." मॅडमनी कुंचल्याच्या टोकानं कल्ल्याला स्पर्श केला. शाईवालीनं कल्ला आत ओढला. सावकाश दहा म्हणेपर्यंत तशीच राहिली, मग उमलली.

"आता ही तुमची. हिनं मिनिटभर तरी दार उघडता कामा नये."

कुंचला लागला. आईची शाईवाली मिटल्यासारखी झाली आणि लगेच उघडली. डुलकी लागता लागता मान सावरावी तशी.

मॅडमनी पुन्हा केलं. तेच. दुसरी घेतली, तिसरी घेतली. तिसरी तर मिटलीच नाही. शिंगं हलवून कुंचल्याचाच वास घ्यायला लागली.

मॅडमनी तबक उजेडाकडे सरकवलं. मग अन्विताकडे वळल्या. "शाईवाली आणखी कशानं शिकते? झटक्यानं शिकते ते झालं. दुसरं?"

अन्विताच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तिला उत्तर येत होतं. ते तर प्रदर्शनातल्या भाषणातही होतं. "पुन्हा पुन्हा हलकेच हात लावला आणि काहीच वाईट झालं नाही, तर ती मिटायचं सोडते."

"हेही शिकणंच. ह्याच्याही चिठ्ठ्या निघतात." मॅडमनी कुंचला खाली ठेवला. "तृप्तीताई, पाण्यात तुम्ही एकट्या उभ्या होता ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चोरून आंबे खाल्लेल्या पोरी बघतात तसं.

"आमच्याकडे बाईमाणूस एकटा पाण्यात उतरत नाय, मॅडम," आई म्हणाली. "ही राखणीला होती. बोलू नको म्हटलेलं, पण हिचं तोंड तुम्हाला ठाऊकच आहे."

लोबो मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा तसं करायच्या फार जवळ गेला. "तुमची धास्ती गेली, असं मी म्हणणार नाही. ती असणार, खोल कुठेतरी. पण रक्तात ताजं जे आलंय ते हे. टोचलं तर हिच्या अंगात असलेलीही भीती कमी होईल. पुन्हा करायचं तर महिना थांबून, खरोखर एकटीनं. आमची होडी मात्र सोमवारी सुटते."

आई तबकासमोरच्या स्टुलावर बसली. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते.

"म्हणजे हिला द्यायला माझ्याकडे काहीच नाही," ती म्हणाली. अन्विताशी नाही, मॅडमशीही नाही.

 अन्विता आईच्या पाठीशी जाऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. आईच्या केसांना खोबरेल आणि तिरफळाचा वास येत होता.

थोड्या वेळानं आईनं विचारलं, "मी हात लावू हिला?"

"बोट ओलं करून," मॅडम म्हणाल्या.

आईनं तर्जनी पाण्यात बुडवली आणि शाईवालीच्या पाठीवरून अगदी हलकी फिरवली, फोडणी जळू नये म्हणून झारा फिरवावा तशी. शाईवाली जरा आक्रसली, पुन्हा पसरली, आणि आईच्या बोटावर चढायला लागली. आईनं बोट काढून घेतलं नाही. तिचा बोटभर लांबीचा प्रवास पुरा होईपर्यंत तिघी बघत राहिल्या.

"सोमवारी होडी किती वाजता?" आई म्हणाली.

"आये," अन्विता म्हणाली.

"सुई रवांदे. महिन्यान परत एकटीन उभी रवाचा माज्यान जमाचा नाय. तुजी बडबड आयकूची सवय लागली माका." ती उठली आणि ओढणी सारखी केली. "पण रोज फोन करूचो. एक दिवस चुकलो तर मी स्वतः होडी घेवन येतलंय. आणि पोवन येतलंय, होडी नाय गावली तर."

"तुका पोवक येता?"

"ता तुया बघ."

सोमवारी आई धक्क्यावर सोडायला आली. डबा, सुकी चटणी, लोणचं आणि औषधांची पिशवी, जणू बेटावर नव्हे, लग्न होऊन निघाली होती पोर. विजेवरची होडी आवाज न करता सुटली आणि किनारा मागं गेला. अन्विता पुढच्या टोकावर बसली होती, केस वाऱ्यावर, तोंडात खारं पाणी, आणि वाटत होतं की समुद्र हा खास आपल्यासाठीच पसरून ठेवलाय.

बगळ्याच्या खडकावर दोन दिवस नुसती चंगळ होती. इथली डबकी किनाऱ्यापेक्षा खोल आणि थंड. वरचा समुद्र तापला तेव्हा शाईवाल्या इथं तग धरून राहिल्या असणार, असं मॅडमना वाटत होतं. पिवळ्या शेवयांचे गुंतेच्या गुंते. अंड्यांतून निघालेली पोरं डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. ती प्रवाहात महिनाभर तरंगतात आणि आवडीचं शेवाळ लागलं की तिथं उतरतात. कातळवाडीच्या शाईवाल्या म्हणजे इथल्याच लेकी.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमना बेटाच्या पलीकडची बाजू बघायची होती. "तू इथं एकटी बसशील?"

"मी आहे की, मॅडम. तुम्ही खुशाल जा."

त्या गेल्या. अन्विता टोकाच्या डबक्यावर वाकली. तळाशी शाईवाल्यांची माळ लागली होती, एकीला एक, सात की आठ, तिनं कधी न पाहिलेली. ती आणखी वाकली. श्वास रोखून मोजायला लागली. आठच होत्या, की त्या कपारीत नववी?

लाट तिला दिसली नाही. कानात शिरली.

पाणी तिच्या पाठीवर कोसळलं, छातीखालचा कातळ सरकला, पाय वर उचलले गेले आणि सगळं जग तिला समुद्राकडे ओढायला लागलं. तिची बोटं कशाला तरी चिकटली. काय होतं ते तिला कळलं नाही, धारदार होतं. ती त्याला धरून राहिली. मग पाणी निघून गेलं, जसं आलं तसं, आणि डबकं पुन्हा आरशासारखं झालं. ती चार हात खाली घसरली होती. तळव्याला बारीक कापलं होतं. बाकी काही नाही. पलीकडून मॅडमची शीळ ऐकू येत होती. त्यांना काही कळलंही नव्हतं.

अन्विता गुडघ्यांवर रांगत वर आली, उंच कोरड्या कातळावर, आणि बसली. तिचे गुडघे आपोआप थरथरत होते. तिनं ते हातांनी दाबून धरले.  तिनं समुद्राकडे पाहिलं. तोच होता, निळा, चकचकीत, पण आता तो तिच्यासाठी पसरून ठेवलेला नव्हता. तो त्याचा त्याचा होता. ही भीती कुणी टोचलेली नव्हती, कुणाकडून उसनी आलेली नव्हती. नवी कोरी होती आणि बेतून शिवल्यासारखी तिच्याच मापाची होती. तिला ती चक्क थोडीशी आवडली.

तिनं फोन काढला.

"आज इतक्या लवकर?" आई म्हणाली. मागं कढईचा आवाज.

"असाच."

"असाच नाय. आवाज बघ तुजो." कढईचा आवाज थांबला. "काय झाला?"

"काय नाय. लाट इली. मी पाठ करून बसललंय. थोडा कापला, तेवढाच. मी वर कोरड्यार बसलंय आता, खरा."

पलीकडे गॅस बंद झाल्याची खट ऐकू आली. 

"भियालंस?"

"जराशी."

"जराशी?"

"बरीच," अन्विता म्हणाली. "पोटात गोळो इलो. अजून आसा."

आईनं सोडलेला श्वास फोनमधून तिच्या गालाला लागल्यासारखा वाटला.

"बरा झाला गो बाय," आई म्हणाली. "आज माका झोप लागतली."